फक्कीची रेघ

जळगाव,
ज्येष्ठ महिना, मंगळवार

प्रिय दिपू,

अनेक आशीर्वाद. हे अक्षर माझं नाही हे तुला पहिल्या ओळीतच कळलं असेल, कारण मला अक्षरच नाही. शेजारच्या कुंदाबाई लिहून घेतायत. त्या पस्तीस वर्षं शाळेत मास्तरीण होत्या, त्यामुळे मी अहिराणीत बोलते आणि कागदावर शुद्ध मराठी उतरतं. मधेच मी फार शहाणी वाटले तर तो गुण कुंदाबाईंचा, फार वेडी वाटले तर माझा. आमचं ठरलंय की त्यांनी माझी वाक्यं सुधारायची, मनातलं सुधारायचं नाही. आत्ताच त्या म्हणाल्या की पत्रात आधी खुशाली विचारतात. तर विचारते, तू खुशाल आहेस का? नाहीस, ते मला माहीत आहे. पुढे लिहा म्हटलं.

तुला मी चार वेळा फोन लावला. तुझ्या फोटोवर बोट ठेवायचं एवढं तुझ्या आईने, सुमनने, मला शिकवलंय. घंटी वाजत राहते, मग एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगते, मी तिलाच दोन गोष्टी सुनावते आणि ठेवून देते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तू पुण्याला गेलीस त्याला दीड महिना झाला. बापाशी बोलत नाहीस, ते बरोबर आहे, तो बोलण्यासारखं वागला नाही. आईशी दोन मिनिटं बोलतेस, माझ्याशी तेवढंही नाही. आणि शनिवारी तुझी आई डोळे पुसत सांगते की तू स्वतःचं काम बंद करतेयस, एक तारखेपासून कुठल्या मोठ्या ऑफिसात बसणार, दुसऱ्यांच्या नकाशात दारं-खिडक्या भरायला. ‘मला साधी रेघ धड मारता येत नाही, मी काय लोकांची घरं बांधणार,’ असं म्हणालीस म्हणे. ते ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. माझं जेवण गोड न लागणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते तुला सांगायला नको.

तुझ्या त्या आउटडोअर किचनची हालहवाल ऐक. तडकलेल्या ओट्यावर तुझ्या बापाने निळी ताडपत्री टाकलीय आणि तिच्यावर चार विटा ठेवल्यात. पाहुण्यांसाठी आणलेल्या उंच स्टुलांवर सुमनने कुरडया वाळवल्या. त्यावर बसायचा मान शेवटी कुरडयांनाच मिळाला. पिझ्झ्याच्या भट्टीत मांजरीने तीन पिल्लं घातली आणि ती भट्टी सोडून सगळ्या मागच्या अंगणात फिरतात. तुझा बाप प्रेम दिवसभर ठिबक सिंचनाच्या दुकानात असतो, घरी आला की मागचं दार उघडत नाही. कोणी विचारलं की सांगतो, पोरीला शिकवलं, पण नकाशा उलटा धरू नये हे शिकवायचं राहिलं. मी समोर बसलेली असते. भाजी निवडत असते. माझ्या हातातली मेथी निवडून संपते आणि तरी मी निवडत राहते.

हे खूळ काढलं कोणी, तर तुझ्या बापानेच. मागच्या श्रावणात कुठल्या गिऱ्हाइकाच्या फार्महाऊसवर जेवून आला आणि म्हणाला, माय, आता पाहुण्यांना हॉलमध्ये बसवून आपण आत रांधायचं नाही, त्यांच्यासमोर रांधायचं, गप्पा मारत. मी म्हटलं, अरे भडगावला तुझ्या बापाचे वीस-वीस पाहुणे यायचे, मी मागच्या पडवीत धुरात आणि झुलालआबा पुढे पाहुण्यांत, पन्नास वर्षांत माझी हाक त्यांना ऐकू गेली नाही की त्यांचं हसणं मला. आता उतारवयात मला मध्यभागी बसवणार म्हणतोस, तर बसव. वरवर मी चेष्टा केली. पण खरं सांगते, मला त्याचा आनंद झाला होता. माणसं समोर बसलीयत, आपण पुरणाचा मांडा उलट्या खापरावर टाकतोय आणि कोणीतरी बघतंय, हे मला हवं होतं. हे मी कोणाला बोलले नव्हते.

तू आलीस आणि तुला ते न बोलताच कळलं. बाकी कोणी असतं तर उभ्याने रांधायचे ओटे काढून मोकळं झालं असतं. तू मला अंगणात पाटावर बसवलंस, म्हणालीस, ‘आजी, समोर खापर आहे असं समज आणि मांडा कर.’ मी रिकाम्या हातांनी मांडा ताणला. ह्या हातावरून त्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, पीठ नसताना. शेजारच्या गच्चीवरची माणसं बघत होती, त्यांना वाटलं म्हातारी हवेत हातवारे करते. तू टेप घेऊन माझे हात कुठवर जातात ते मोजलंस, गुडघा किती वर येतो ते मोजलंस, पुरण भरून देणारी बाई डावीकडे बसते की उजवीकडे ते विचारलंस. माझ्या आयुष्यात माझं माप घेतलं ते फक्त चोळीच्या शिंप्याने. मी तुला म्हटलं होतं, एवढं मोजतेस, मला पेटीत घालायची आहे का? तू हसलीस, पण टेप सोडली नाहीस.

नंतर तू तो मोठा कागद आणलास. जेवणाच्या टेबलावर पसरलास, आम्ही सगळे भोवती. प्रेम मान हलवत होता, सुमन मान हलवत होती, म्हणून मीही हलवली. मला तो कागद म्हणजे कोंबडीने शाईत पाय बुडवून फिरावं तसा दिसत होता. एवढं कळलं की माझी चूल मावळतीच्या कोपऱ्यात आहे, कारण तू बोटाने तिकडे दाखवलंस. तिथेच मला ठेच लागली. चैत्र-वैशाखात इथला वारा मावळतीकडून येतो, आणि कसा येतो ते खान्देशात जन्मलेल्या माणसाला सांगायला नको. खापराला आडवा वारा लागला की जाळ एका अंगाला पळतो, मांडा इकडून करपतो आणि तिकडून कच्चा राहतो, आणि सगळा धूर घरात. मी ते बोलले. प्रेम म्हणाला, माय, चिमणी आहे. मी म्हटलं, चिमणी धूर नेईल, वारा कोण नेईल? तू म्हणालीस, ‘आजी, वाऱ्याचा विचार मी केलाय, हे बघ,’ आणि कागदावर एका जागी बोट ठेवलंस. मी बघितलं. दोन काळ्या रेघा होत्या. मी म्हटलं, हो हो, छान. तुझा चेहरा इतका खुलला होता की ‘मला नाही कळलं’ हे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. ज्या बाईने तीन पोरांची लग्नं जमवली, दोन विहिरी खणवल्या, तलाठ्याला तीन वेळा परत पाठवला, तिने नातीसमोर कसं म्हणायचं की हा कागद मला दिसतो पण बोलत नाही?

दुसरा राग मला मुरमाचा आला. दिवाळीच्या आधी तू जेसीबी बोलावून मावळतीच्या कोपऱ्यातली माती कमरेएवढी खणून काढलीस आणि तिथे तांबडा मुरूम भरून ठोकून घेतलास. आपला हा प्लॉट पाच वर्षांपूर्वी कपाशीचं शेत होतं. ती माती काळी, लोण्यासारखी. गिरणेकाठी अशा मातीसाठी भावाभावांत डोकी फुटलीयत. ती तू ट्रॅक्टरमध्ये भरून बाहेर टाकलीस आणि जागी मुरूम आणलास, ज्यात कुसळ उगवत नाही. मी प्रेमला म्हटलं, पोरीला कोणीतरी फसवतंय, चांगली जमीन काढून गाळसाळ भरतायत. तो म्हणाला, तिचं तिला कळतं. मला मात्र वाटलं, चूल आणि संसार काळ्या मातीवरच टिकतात. शेतकऱ्याच्या बाईला दुसरं काय वाटणार? काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते हे मी जन्मभर पाहिलंय, पण त्या भेगांत पुढच्या पावसाचं पाणी मुरतं म्हणून आम्ही त्यांचं कौतुकच केलं. तिच्यावर कोणी ग्रॅनाइट ठेवलं नव्हतं.

दिवाळी झाली. पहूरचा उखर्डू मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. तू संध्याकाळी फक्की घेऊन अंगणात रेघ मारलीस. कुंदाबाई विचारतायत फक्की म्हणजे काय, तर ती चुन्यासारखी पांढरी पूड, पाया कुठे खणायचा ते दाखवायला टाकतात. दोरी धरून, वाकून, तीनदा तपासून तू ती मारलीस आणि पुण्याच्या गाडीला गेलीस. दहा दिवसांनी आलीस तेव्हा ओटा अर्धा उभा होता, आणि मावळतीला नव्हे, उगवतीला. तू बॅगसुद्धा खाली ठेवली नाहीस. उखर्डूला विचारलंस, तो बिचारा दोन्ही हात जोडून म्हणाला, ‘ताई, रेघ जठे व्हती तठेच खंदं. तो मुरूम म्हणशीन ते मले वाटनं गाडी लावाले शे.’ तू कागद काढलास, घराकडे पाहिलंस, उगवतीकडे, मावळतीकडे. प्रेम हसला. म्हणाला, नकाशा उलटा धरला असशील. तू म्हणालीस, हे फोडावं लागेल, ह्याच्याखाली मुरूम नाही. तो म्हणाला, चार फुटी ओट्याने काय बंगला पडतो का, आणि फरशीचं माप गेलंय, आता कोण थांबणार. हे मी माझ्या कानाने ऐकलंय. तू सांगितलं होतंस, त्याने ऐकलं नाही. तो हे आता विसरलाय, मी विसरलेली नाही.

मग तू माझ्याकडे वळलीस. ‘आजी, तू त्या सकाळी अंगणात होतीस ना? रेघ कुठे होती?’ तुझा आवाज भांडणाचा नव्हता. माझ्यावर भरवसा ठेवून विचारत होतीस. मी म्हटलं, बाई, मला अडाण्याला काय विचारतेस, मला तुमच्या रेघोट्यांतलं काय समजतं? तेवढ्यात सुमन चहा घेऊन आली. तू कप पायरीवर ठेवलास आणि कागदाची गुंडाळी केलीस. नंतर हळूच म्हणालीस, ‘माझंच काहीतरी चुकलं असेल.’

थंडी चांगली गेली, तेच वाईट झालं. पौषात भरताची पार्टी झाली. तुझ्या बापाने दुकानाची सगळी माणसं बोलावली, तुरीच्या काड्यांवर मी पंधरा किलो वांगी भाजली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. धूर सरळ वर गेला. वारा लागला नाही, कारण थंडीत तो लागतच नाही, पण मला ते त्या दिवशी सुचलं नाही. मी आपली मनात फुगून बसले. होळीच्या सुमारास चुलीच्या बाजूने ओट्याला केसाएवढी भेग दिसली. मी तिच्यापुढे पाण्याचा माठ ठेवला. पाडव्याला भेगेत नख जायला लागलं. मी मोठा माठ आणला. सुमन म्हणाली, आत्याबाई, दोन-दोन माठ कशाला? मी म्हटलं, उन्हाळा किती तापलाय बघ.

आणि आखाजी आली. तुझ्या बापाने धुळ्याचे सुभाषचंद शेठ आणि सुगनबाई ह्यांना जेवायला बोलावलं, कारण त्यांना त्यांच्या मळ्यात असंच किचन करायचं होतं आणि ते काम तुला मिळायचं होतं. पुण्यात भाड्याच्या खोलीत ऑफिस थाटलेल्या पोरीसाठी ते पहिलं मोठं काम. तू महिनाभर त्यासाठी कागद काढत होतीस. आता गंमत बघ, जळगावात वांगी भाजायला जागा केली आणि पाहुणे असे की वांगं चालत नाही, कांदा नाही, लसूण नाही, आणि सूर्य बुडायच्या आत जेवण झालं पाहिजे. मी म्हटलं, हरकत नाही, मांडे आणि आमरस. चार वाजता खापर ठेवलं. सुगनबाई समोर खुर्ची घेऊन बसल्या, पदर सावरून, लहान मुलीसारख्या बघत होत्या. पहिला मांडा ताणला, टाकला, उलटला. त्या म्हणाल्या, अक्का, तुमच्या हातावर तो चादरीसारखा दिसतो. दिपू, ते जे मला हवं होतं ना, मध्यभागी बसणं, ते मला त्या पाच मिनिटांत मिळालं. सहाव्या मांड्याला चुलीखालून कोणी हाड मोडावं तसा आवाज आला. चूल एका अंगाला बसली, खापर घसरलं आणि फुटलं, आणि शेजारचा ग्रॅनाइटचा तुकडा तुटून खाली आला तो सुगनबाईंच्या पायापासून वीतभर अंतरावर. माझे माठ दोन्ही फुटले. पाणी भेगेत गेलं, आणि भेग केवढी होती ते सगळ्यांनी पाहिलं.

सुगनबाई भल्या. म्हणाल्या, कुणाला लागलं नाही ना, मग झालं. झालेले पाच मांडे सगळ्यांनी तुकडे करून खाल्ले. पण प्रेमला गप्प बसवलं नाही. शेठजींसमोर, दुकानाच्या माणसांसमोर, हसत हसत म्हणाला, काय करणार, आमच्या इंजिनेरीणबाईंनी मावळतीची उगवती केली, रेघच उलटी मारली. सगळे हसले. तू हसली नाहीस, चिडलीही नाहीस. खाली बसलीस आणि खापराचे तुकडे वेचायला लागलीस. आठ दिवसांनी धुळ्याहून निरोप आला की मळ्याचं काम इंदूरच्या माणसाला देतोय, वाईट वाटून घेऊ नका. शेठजींनाही मी दोष देत नाही. ज्याच्या बायकोच्या पायाशी दगड पडला तो दुसरं काय करणार?

आता रविवारची गोष्ट. सुमनचं ते तुझ्या नोकरीचं ऐकल्यावर मला चैन पडेना. तुझा तो मोठा कागद प्रेमने कपाटावर टाकला होता. मी स्टुलावर चढून तो काढला (सुमनला कळवू नकोस) आणि कुंदाबाईंकडे नेला. म्हटलं, बाई, ह्यातलं मला सगळं वाचून दाखवा. मिस्त्रीला कळावं म्हणून तू सगळं मराठीत लिहिलं होतंस. कुंदाबाई बोट ठेवत ठेवत वाचत गेल्या. ही भट्टी, हे सिंक, इथे मुरूम तीन फूट, काळी माती पूर्ण काढावी, उन्हाळ्यात फाटते. मग मावळतीच्या त्या दोन काळ्या रेघा आल्या, ज्यांच्यावर तू त्या दिवशी बोट ठेवलं होतंस. कुंदाबाईंनी वाचलं, ‘आजीच्या चुलीला पश्चिमेचा वारा लागू नये म्हणून आडभिंत. उंची अडीच फूट. आजी बसल्यावर तिला भिंतीवरून पाहुणे दिसले पाहिजेत.’ मी त्यांना ते पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. ओटा सरकल्यावर त्या भिंतीची गरजच उरली नाही, म्हणून ती उभीच राहिली नाही, आणि मला ती कधी दिसली नाही. सात-आठ महिने मी समजत होते की पोरीने माझं ऐकलं नाही. तू तर माझ्या डोळ्यांना काय दिसलं पाहिजे तेही लिहून ठेवलं होतंस.

कुंदाबाई, आता थांबू नका, लिहा. दिपू, ती रेघ मी मारली. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता मी उठले, खराटा घेतला आणि तुझी रेघ झाडून टाकली. फक्कीचा डबा पायरीखाली होता. तुझ्या रेघेची लांबी-रुंदी मी पावलांनी मोजून ठेवली होती, तेवढीच उगवतीला मारली. साठ वर्षं दारात रांगोळी घातलीय, मला दोरी लागत नाही. वारा टळेल, काळ्या मातीवर चूल बसेल, आणि तुला कळेपर्यंत काम झालेलं असेल, असा माझा हिशेब. आठ वाजता उखर्डू आला, रेघेकडे बघून म्हणाला, ‘अक्का, ताईनी रेघ भलती सुंदर शे.’ मला बरं वाटलं. इतकी मी निर्लज्ज. आणि तू विचारलंस तेव्हा मी माझ्या अडाणीपणाच्या मागे लपले. जन्मभर मला कोणी अडाणी म्हटलं तर मी त्याचं तोंड फोडलं असतं, त्या दिवशी मात्र ते मला पदरासारखं अंगभर घेता आलं. कुंदाबाईंनी पेन खाली ठेवलं होतं, आता पुन्हा उचललंय.

तुझ्या बापाला मी आज सकाळी सांगितलं. तो म्हणाला, माय, तू तेव्हाच का नाही बोललीस? मी म्हटलं, पोर फोडायला सांगत होती तेव्हा तू का नाही फोडलंस? तो न जेवता दुकानात गेलाय. तो तुला फोन करेल की नाही मला ठाऊक नाही, पोटचा असला तरी त्याच्या वतीने मी शब्द देत नाही. गुरुवारी कुंदाबाईंना घेऊन मी एसटीने धुळ्याला जाते, सुगनबाईंना समोर बसून सांगणार आहे. काम परत मिळावं म्हणून नव्हे, ते गेलं. पण ज्या घरात तुझं नाव खराब झालं त्या घरात ते धुऊन यायचं आहे. हे सगळं फोनवर सांगण्यासारखंच होतं, आणि तू एकदा तरी उचलला असतास तर मी सांगून टाकलंही असतं. मग विचार केला, तू म्हणशील, आजी मला वाचवायला माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतेय. तू मला ओळखतेस, मी तसं करूही शकते. म्हणून कागद करायचं ठरवलं आणि पाकिटात एक वस्तू ठेवली. त्या संध्याकाळी तुला तीनच लोखंडी खुंट्या मिळाल्या होत्या. चौथ्या कोपऱ्यावर तू तुझ्या केसांतली पिन काढून खोचली होतीस, हे मला कोणी सांगितलेलं नाही. खुंट्या मी उपटून उगवतीला लावल्या, पिन माझ्या पान-सुपारीच्या चंचीत टाकली आणि तिथे वीट ठेवली. ती पिन हीच. एक तारखेच्या आधी तिच्याकडे नीट बघ. तिच्या टोकाला अजून तांबडा मुरूम चिकटलेला आहे, काळी माती नाही. मी ती पुसलेली नाही.

तुझीच, चुकलेली,
आजी